गुग्गुळ: खरा-खोटा, शोधनातला गाळ आणि कोलेस्टेरॉलचं कोडं

खलबत्ता (नागपूर)

नमस्कार मंडळी. दवाखान्यापुरता त्रिफळा गुग्गुळ इथेच कुटून करतो, एका वेळी साधारण एक किलोचा घाणा. या खेपेचा गुग्गुळ घाऊक बाजारातून दोन किलो आणला. भाव नेहमीपेक्षा बराच कमी, खडे पिवळसर आणि जरा पारदर्शक, वास एकदम मस्त, देवघरात जाळावा असा. चव फारशी कडू नाही. त्यातला अर्धा किलो त्रिफळ्याच्या काढ्यात शोधला, म्हणजे पोटलीत बांधून उकळून शुद्ध केला.

पहिला प्रश्न: हा माल गुग्गुळच आहे का, हे लॅबकडे न जाता कितपत कळतं?

दुसरा: पोटलीतून उतरलेला काढा गाळून रात्रभर ठेवला, तर सकाळी तळाशी खाकी रंगाचा चिकट थर आणि वर तपकिरी पाणी. तो थर गाळ समजून टाकून दिला आणि वरचं पाणी आटवलं. बरोबर केलं ना?

तिसरा: गोळ्या वाळल्या की तडकतात. काहींच्या तर कडा सुटतात.

चौथा: पेशंट विचारतात, कोलेस्टेरॉल उतरतं का याने? नेटवर एक अभ्यास सांगतो उतरतं, दुसरा सांगतो उलट वाढतं. कुणावर भरवसा ठेवायचा?

आणि जाता जाता, काटोलकडे काळ्या जमिनीच्या बांधावर वीसेक झाडं लावली तर जगतील का? उन्हाळा तर आपला राजस्थानाच्या तोडीस तोड आहे.

पातळथर

भाऊ, पिवळा, पारदर्शक, सुवासिक, कडू नाही आणि स्वस्त. हे वर्णन गुग्गुळाचं कमी आणि सालईच्या डिंकाचं जास्त वाटतं.

सालई, म्हणजे बॉसवेलिया सेराटा, आणि गुग्गुळ, म्हणजे कॉमिफोरा वाइटी, ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, बर्सेरेसी. दोघांची साल कागदासारखी सुटते, दोघांतून डिंक आणि राळ मिसळलेला स्राव येतो. म्हणून 'मालात सालीचे कागदी तुकडे दिसले, म्हणजे माल अस्सल' हा नियम इथे कामाचा नाही. गुग्गुळ कच्छ, मारवाड आणि पलीकडे सिंधच्या कोरड्या भागातला. सालई आपल्या विदर्भाच्या डोंगरउतारांवर हवी तेवढी. कोणता माल महाग पडणार आणि कोणता त्यात मिसळला जाणार, हे वेगळं सांगायला नको.

घरच्या कसोट्यांमध्ये काय कळतं आणि काय कळत नाही, ते नीट समजून घ्या. जुनी कसोटी अशी, की खरा गुग्गुळ विस्तवावर जळतो, उन्हात वितळतो आणि गरम पाण्यात दुधासारखा होतो. हरभऱ्याएवढा तुकडा २० मिलिलिटर कडक पाण्यात काचेच्या कांडीने घोटा. पांढरट-हिरवट दुधाळ पाणी झालं, तर त्यात डिंक आणि राळ दोन्ही आहेत एवढंच सिद्ध झालं. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक दुधाळ होत नाही, नुसता बुळबुळीत विरघळतो. आणि जाळला तर न वितळता फुगून काळा पडतो. चंद्रस किंवा बाजारातली राळ पाण्यात उतरतच नाही, जळताना काजळीचा दाट धूर सोडते आणि टर्पेंटाइनचा वास मारते. म्हणजे डिंक आणि राळ या दोन भेसळी तुम्हाला स्वयंपाकघरात पकडता येतील. सालई मात्र या परीक्षेत सहज पास होते, कारण तिचंही पाणी दुधाळच होतं.

सालईसाठी नाक आणि जीभ. गुग्गुळ चावला तर दाताला चिकटतो, आधी कडू आणि मग किंचित तिखटसर लागतो, वास जड आणि थोडा कडवट. सालईचा वास हलका आणि प्रसन्न. पण मिश्र मालात नाक फसतं, त्यामुळे खात्री हवी असेल तर पातळ थराचं क्रोमॅटोग्राफ, म्हणजे टीएलसी, करून घ्या. शहरातल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजला ते जमण्यासारखं आहे. टोल्युइन आणि ॲसिटोन ९:१ या मिश्रणात प्लेट चालवली, की गुग्गुलस्टेरॉनचे, म्हणजे गुग्गुळाची ओळख पटवणाऱ्या घटकाचे, ई आणि झेड या दोन रूपांचे शेजारचे ठिपके २५० नॅनोमीटरजवळच्या प्रकाशात दिसतात. शेजारी दोन्हींचे प्रमाणित नमुने लावायचे. त्यांच्याशिवाय ठिपका कशाचा ते ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. सालईत गुग्गुलस्टेरॉन नसतं, तिच्यात बॉसवेलिक आम्लं असतात. त्यामुळे सालईचे ठिपके वेगळे शोधायला सांगितलं तर भेसळ किती, याचाही अंदाज येतो.

नमुना देताना पोत्याच्या वरचा, मधला आणि तळाचा असा मिळून १५-२० ग्रॅम द्या. वर चांगले खडे आणि खाली चुरा अशी पोती असतात.

लॅबकडे जाताच आहात तर औषधिकोशातले आकडेही मागा. आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे गुग्गुळात बाहेरचा कचरा ४ टक्क्यांच्या आत, एकूण राख ५ टक्क्यांच्या आत, आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याच्या आत हवी. अल्कोहोलमध्ये उतरणारा भाग किमान २७ टक्के, पाण्यात उतरणारा किमान ५३ टक्के, उडणारं तेल किमान १ टक्का. हे आकडे एकत्र वाचायचे असतात. पाण्याचा आकडा खूप वर आणि अल्कोहोलचा खाली, तर साधा डिंक मिसळला आहे. अल्कोहोलचा वर आणि पाण्याचा कोसळलेला, तर राळ. आम्लात न विरघळणारी राख वाढली, तर रेती.

काढा_चतुर्थांश

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. तो खाकी थर म्हणजे गाळ नव्हे, गुग्गुळाची राळ होती.

गुग्गुळात दोन मोठे भाग. डिंक पाण्यात विरघळतो. राळ विरघळत नाही. गरम असताना डिंकाच्या आधाराने बारीक थेंबांत पाण्यात तरंगत राहते, म्हणून काढा दुधाळ दिसतो. थंड झालं की हे थेंब एकत्र येऊन तळाशी बसतात, आणि सोबत रेतीही बसते. ज्या गुग्गुलस्टेरॉनची इतकी चर्चा होते, ते राळेत असतं. तुम्ही वरचं पाणी आटवलंत, म्हणजे डिंक आणि त्रिफळ्याचा अर्क ठेवून औषध मोरीत सोडलंत. नुसता डिंक वाळताना आकसतो आणि ठिसूळ होतो. लवचीकपणा राळेमुळे येतो. गोळ्या तडकण्याचं पहिलं कारण तेच.

आता पद्धत. १ किलो गुग्गुळासाठी ४ लिटर काढा लागेल. हरडा, बेहडा, आवळकाठी बिया काढून समभाग, मिळून १ किलो, भरड (पूड नको, पूड काढा गढूळ करते). १६ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर उघड्या भांड्यात चतुर्थांश करा, गाळा. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत त्रिफळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काढा शाईसारखा काळा होतो.

गुग्गुळ फोडून सुपारीएवढे तुकडे करा. दिसतील ते खडे, काटक्या, साल हाताने निवडा. याला अर्धा तास द्या, कारण इथे काढलेला कचरा पुढे गाळावा लागत नाही. दुहेरी मलमलची पोटली अर्धीच भरा. गुग्गुळ फुगतो, गच्च बांधलेल्या पोटलीत बाहेरचा थर लापशी होऊन आतल्या तुकड्यांपर्यंत काढा पोचूच देत नाही. भांड्यावर आडवी काठी टाकून पोटली तळापासून तीन-चार बोटं वर लटकवा. तळाला टेकली की करपते, आणि करपट वास नंतर कशानेही जात नाही. मंद उकळी ठेवा. मधून मधून पोटली डावाने दाबून पिळा. दोन-तीन तासांत आत काड्या, साल आणि रेती उरते. ती टाकायची.

यानंतरचा टप्पा चुकतो. काढा गरम असतानाच ८० नंबरच्या चाळणीतून गाळा, १५ मिनिटं झाकून ठेवा म्हणजे जड रेती खाली बसेल, आणि तसाच गरम गरम वरून ओतून घ्या. शेवटचा कपभर ओतू नका, त्यात रेती असते. तो थंड होऊन राळ बसली, तर तिला पुन्हा थोड्या उकळत्या काढ्यात ढवळून परत तेच करा. रात्रभर ठेवायचं नाही.

आटवताना पसरट कढई, लाकडी उलथणं, सतत ढवळणं. मधासारखं दाट झालं की थेट आच बंद करून खाली पाण्याचं भांडं घ्या. शेवटच्या पाव भागात करपायला दोन मिनिटं पुरतात. तूप लावलेल्या ताटात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरून वाळवा.

वाळवण्याबद्दल नागपूरकरांसाठी खास सूचना. ग्रंथात 'उन्हात वाळवावा' लिहिलं आहे म्हणून मे महिन्यात गच्चीवर ताटं मांडू नका. ४५ अंशांत थर वाळत नाही, मऊ होऊन वरून साय धरतो आणि आत ओलाच राहतो. मग तोच आतून बुरशी धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. उन्हाळ्यात सावलीत, पंख्याखाली, पातळ कापड टाकून. पावसाळ्यात करूच नका.

एक हिशेबही पाहून ठेवा. १ किलो कच्च्या मालातून शुद्ध गुग्गुळ किलोच्या वर भरला तर खूश होऊ नका. त्यात त्रिफळ्याचा आटलेला अर्क मिसळला आहे, आणि त्रिफळ्यातून पाण्यात बरंच उतरतं. वजन वाढतं, राळेचं प्रमाण खाली येतं. शोधित मालाची टीएलसी केली आणि ठिपके फिकट दिसले, तर लगेच व्यापाऱ्याला बोल लावू नये. आधी हे पाहावं.

महिषाक्ष

त्रिफळाच का पण? ग्रंथांत गोमूत्र, गुळवेलीचा काढा, गाईचं दूध हे सगळं सांगितलं आहे. आमवात, मेद यांसाठी गोमूत्रात शोधलेला जास्त तीक्ष्ण पडतो. शिवाय कोणता गुग्गुळ हेही बघा. भावप्रकाश ग्रंथात महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच प्रकार दिले आहेत. माणसांसाठी हिरण्य सांगितला, काहींच्या मते महिषाक्षही चालतो. आणि नवा गुग्गुळ बृंहण करतो, म्हणजे अंग भरतो; जुना लेखन, म्हणजे मेद खरवडतो. मेद उतरवायला नवा ताजा माल देऊन 'गुण येत नाही' म्हणणारे बरेच आहेत.

काढा_चतुर्थांश

मान्य आहे वैद्यराज, कोणता द्रव वापरायचा ते योगावर, म्हणजे कोणतं औषध करायचं त्यावर, ठरतं. पण त्रिफळा गुग्गुळातच त्रिफळा जाणार आहे, तर त्याच काढ्यात शोधलेला सोयीचा. दुधाबद्दल मात्र सावध. दुधाची प्रथिनं आणि स्निग्धांश त्यातच आटतात, आणि तो गुग्गुळ दोन-तीन महिन्यांत खवट वास मारू लागतो. लगेच वापरायचा असेल तरच.

खलबत्ता

बाप्पा! म्हणजे तो थर टाकून मोठीच गडबड केली म्हणायची. आता गोळ्यांचं जरा खोलात सांगता का? प्रमाण आम्ही शार्ङ्गधर संहितेचं घेतो.

काढा_चतुर्थांश

शार्ङ्गधरानुसार त्रिफळा चूर्ण ३ पल, पिंपळी १ पल, गुग्गुळ ५ पल. पल हे जुनं वजन, इथे १०० ग्रॅम धरू; म्हणजे हरडा, बेहडा, आवळा प्रत्येकी १०० ग्रॅम, पिंपळी १०० ग्रॅम, शुद्ध गुग्गुळ ५०० ग्रॅम. एकूण ९०० ग्रॅम, त्यातून ५०० मिलिग्रॅमच्या साधारण १७०० गोळ्या निघतील, बाकी खलाला चिकटलेलं.

चूर्णं ८० ते १०० नंबरच्या चाळणीतून काढा. भरड कण गोळीत राहिला की वाळताना त्याच्याभोवती चीर पडते. हे तडकण्याचं दुसरं कारण. तिसरं म्हणजे घाईचं वाळवण. बाहेरचा पापुद्रा आधी आवळला आणि आतला ओलावा नंतर सुटला, की कडा सुटतात. गोळ्या सावलीत, एकेरी थरात, रोज हलवून. ओव्हनच वापरायचा असेल तर ४५ अंशांच्या आत.

गुग्गुळ कडक असेल तर कुटण्याआधी मंद आचेवर किंवा उन्हात मऊ करून घ्या. हाताला किंचित तूप लावा, खलात जास्त ओतू नका. तूप वाढलं की गोळी गुळगुळीत दिसते, पण पाण्यात सुटायला फार वेळ घेते आणि पोटातून तशीच जायची भीती. चूर्ण एकदम न घालता मूठ मूठ घालून कुटत जा. रंग सगळीकडे एकसारखा, तुटल्या जागी पांढऱ्या-तपकिरी रेषा नाहीत, बोटांत दाबला तर ठसा उमटतो पण चिकटत नाही, पाण्यात टाकला तर बुडतो: मग गोळी वळायची. गुग्गुळाची पूडच करायची असेल तर तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि मिक्सर दहा-दहा सेकंद चालवा. भांडं गरम झालं की पूड पुन्हा गोळा होऊन पात्यांना लागते.

ओपीडी_मेडिसिन

चौथ्या प्रश्नाकडे येतो. 'कुणावर भरवसा' असा प्रश्न न करता 'कुणी काय दिलं, किती दिलं, कशाशी तुलना केली' असा करा, म्हणजे विरोध बराचसा उलगडतो.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात बनारस हिंदू विद्यापीठात. १९६६ साली डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या प्रबंधात सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन आणि आजचा ॲथेरोस्क्लेरोसिस (रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचणं) यांचं साम्य मांडून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले होते. कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांत गुग्गुळाने ते कमी झालं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने इथिल ॲसिटेटमध्ये उतरणारा भाग वेगळा काढून त्याला गुगुलिपिड नाव दिलं, आणि १९८६ साली त्याला भारतात औषध म्हणून मान्यता मिळाली. हा मुद्दा पक्का ध्यानात ठेवा: अभ्यास गुगुलिपिडचे आहेत, त्रिफळा गुग्गुळाच्या गोळीचे नाहीत.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय अभ्यासात २०५ रुग्णांना आधी ८ आठवडे पथ्य आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी), मग १२ आठवडे ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीनदा. ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के आणि ट्रायग्लिसराइड २२.६ टक्के उतरलं. आकडा चांगला, पण त्या १२ आठवड्यांत शेजारी प्लासिबोचा गट चालू नव्हता. १९९४ सालच्या अभ्यासात तो होता: ६१ रुग्ण, २४ आठवडे, दिवसाला १०० मिलिग्रॅम गुग्गुलस्टेरॉन, सोबत फळं-भाज्यांचा आहार. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२.५ टक्के उतरलं.

मग २००३ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्वेनिया विद्यापीठाचा अभ्यास आला. १०३ जण, ८ आठवडे, दुहेरी अंध (कुणाला काय दिलं हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नाही), प्लासिबोसह. २.५ टक्के गुग्गुलस्टेरॉनचा अर्क एका गटाला १ ग्रॅम आणि दुसऱ्याला २ ग्रॅम, दिवसातून तीनदा. प्लासिबो गटात एलडीएल ५ टक्के उतरलं; गुगुलिपिडच्या दोन्ही गटांत ते ४ आणि ५ टक्के वाढलं. काहींना अंगावर पुरळ उठलं. २००९ मध्ये नॉर्वेतल्या ४३ जणांच्या अभ्यासात एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरलं, पण एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तेही उतरलं, आणि एलडीएलवर नाव घेण्यासारखा फरक दिसला नाही.

अमेरिकी आहार वेगळा, शरीरप्रकृती वेगळी, अशी स्पष्टीकरणं दिली जातात. त्यातलं कुठलंही सिद्ध झालेलं नाही. जामाचा अभ्यास आपल्या विरोधात गेला म्हणून तो मोडीत काढणं मला पटत नाही. त्याची रचना आधीच्यांपेक्षा काटेकोर होती.

गंमत अशी, की याच सुमारास, २००२ साली, 'सायन्स' नियतकालिकात गुग्गुलस्टेरॉन काम कसं करत असेल हे प्रसिद्ध झालं होतं. यकृतात पित्ताम्लांचा अंदाज घेणारा एफएक्सआर नावाचा ग्राही (रिसेप्टर) असतो, त्याला गुग्गुलस्टेरॉन अडवतं. पण ते तिथेच थांबत नाही. पीएक्सआर नावाचा दुसरा ग्राही ते चालू करतं, आणि त्यामुळे औषधं फोडणारं सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) वाढतं. म्हणजे यंत्रणा सापडली, ती चालतेही, पण माणसाचं एलडीएल उतरेलच असं त्यातून निघत नाही.

आता तुमच्या गोळीचा हिशेब. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ९ पैकी ५ भाग गुग्गुळ, म्हणजे सुमारे २७८ मिलिग्रॅम. दोन-दोन गोळ्या तीन वेळा दिल्या तर दिवसाला १.६७ ग्रॅम. औषधिकोशातली मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे, म्हणजे आपण तिच्याही खाली. त्यात गुग्गुलस्टेरॉन १ टक्का धरलं तर १७ मिलिग्रॅम, २ टक्के धरलं तर ३३. वरच्या काढा_चतुर्थांश यांच्या म्हणण्याप्रमाणे त्रिफळ्याचा अर्क वजा केला तर आणखी कमी. १९८९ आणि २००३ चे अभ्यास किमान ७५ मिलिग्रॅमचे. तेव्हा या गोळीने कोलेस्टेरॉल उतरेल असं पेशंटला सांगायला ना बाजूने निघालेला अभ्यास आधाराला येतो, ना विरोधातला आड येतो.

खलबत्ता

म्हणजे पेशंटला नेमकं काय सांगू सर? काही जण स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी ॲलोपॅथीची, गोळी बंद करून 'आयुर्वेदिक द्या' म्हणत येतात.

ओपीडी_मेडिसिन

स्टॅटिन बंद करायची नाही, हे पहिल्या वाक्यात. हृदयविकार होऊन गेलेला किंवा स्टेंट टाकलेला पेशंट असेल तर त्यावर चर्चासुद्धा नको. गोळी वैद्य ज्या कारणासाठी देतात त्या कारणासाठी द्यावी, कोलेस्टेरॉलच्या नावावर नको.

विचारायच्या गोष्टी सांगतो. डिल्टियाझेम किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू आहे का? गुगुलिपिडसोबत घेतल्यावर या दोन्हींचं रक्तातलं प्रमाण घटल्याचं १९९४ मध्ये निरोगी लोकांवर दिसलं आहे, म्हणजे बीपीचं औषध कमी लागू पडेल. रक्त पातळ करणारी औषधं, थायरॉइडच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय नको. थायरॉइडचं कारण असं, की उंदरांमध्ये झेड-गुग्गुलस्टेरॉनने थायरॉइडची क्रिया वाढवली आहे. गरोदर बाईला अजिबात नाही. जुन्या वैद्यकातही तो आर्तव आणणारा मानला आहे. अंगावर पुरळ, खाज, पातळ जुलाब हे पहिल्या काही दिवसांतच दिसतात आणि गोळी थांबवली की बहुधा जातात. स्नायू दुखणं आणि लघवी गडद होणं एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखाना. गुग्गुळाच्या अर्काने स्नायू विरघळल्याचा एक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आहे.

पातळथर

सालईबद्दल एक भर. भेसळ म्हणून तिचं नाव निघतं, पण औषध म्हणून ती कमअस्सल नाही. गुडघ्याच्या संधिवातावर सालईच्या अर्काचा प्लासिबोसह अभ्यास आपल्या नागपुरातल्याच डॉक्टरांनी केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० रुग्ण, आठ-आठ आठवडे, मधे औषध थांबवून गटांची अदलाबदल. दुखणं आणि सूज कमी, गुडघा जास्त वाकू लागला. एक्स-रेमध्ये मात्र फरक नाही. रुग्ण थोडे, पण रचना स्वच्छ. सालई सालई म्हणून विकली तर कुणाची तक्रार नाही.

बरडशेत

झाडांचं मी सांगतो. उन्हाळा राजस्थानासारखा, पण पावसाचं काय? नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जैसलमेर-बाडमेरला त्याच्या चौथाई-पाचव्या हिश्श्यावर हे झाड वाढतं. त्याला उष्णता लागते असं नाही, कोरडी मुळं लागतात. काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये मुळं कुजतात, आणि वर काही दिसत नाही कारण खोडात रस साठलेला असतो. झाड गेल्याचं कळतं दिवाळीनंतर.

काळ्या मातीत खड्डा खणून त्यात मुरूम-रेती भरायची हुशारी करू नका. आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. उलट करा: जमिनीच्या वर दीड-दोन फुटांचा मुरमाचा वरंबा, त्यावर लागवड. शेतात बरड किंवा मुरमाड उताराचा तुकडा असेल तर तिथे खुशाल ४५ सेंटिमीटरचा खड्डा, रेती, थोडं कुजलेलं शेणखत, आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. अंतर अडीच मीटर.

बियांच्या नादी लागू नका. उगवण फार कमी. बी काळं असेल तर आशा, पिवळट-पांढरं असेल तर पोकळ. कलम बोटाएवढं जाड, २० ते २५ सेंटिमीटर, पक्क्या लाकडाचं, मे-जूनमध्ये. कापलेलं टोक एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग रेताड मिश्रणाच्या पिशवीत एक तृतीयांश खुपसा. पाणी हलकं, पिशवी कोरडी वाटली तरच. रुजलेलं रोप पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर शेतात. सुधारित वाण हवं असेल तर लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचं 'मरुसुधा' विचारा.

हे झाड वर्षातले बरेच महिने निष्पर्ण असतं. काटेरी टोकांच्या राखट फांद्या बघून लोक मेलं समजून उपटतात किंवा कीव येऊन पाणी घालत बसतात. पाणी घातल्याने ते खरंच मरतं. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत.

डिंकाची आशा मात्र आठ-दहा वर्षं धरू नका. चीक काढायचा मोसम डिसेंबर ते मार्च. चीर फक्त सालीपुरती, लाकडाला धार लागता कामा नये, आणि १०-१५ दिवसांनी वाळलेला चीक खरवडून घ्यायचा. इथेफॉन हे रसायन टोचून उत्पादन कित्येक पटींनी वाढवायची पद्धत शोधली गेली आहे, पण अशा मात्रेत झाड टिकत नाही. रानातली झाडं अशीच खोल घाव घालून संपवली, म्हणून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने या जातीला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं. तुमच्या बाजारातला भाव आणि भेसळ दोन्ही तिथूनच येतात.

खलबत्ता

सगळ्यांचे आभार. बांधाचा बेत रद्द, मुरमाड तुकडा बघतो. एकच राहिलं: उरलेला दीड किलो माल आणि झालेल्या गोळ्या यांचं काय करू?

पातळथर

गोळ्या देऊ नका. त्यात राळ जवळपास नाही, आणि मूळ माल काय होता हेही ठाऊक नाही. दीड किलोतून नमुना पाठवा, निकाल येईपर्यंत पोतं दोरीने बांधून त्यावर 'तपासणीत' अशी चिठ्ठी आणि तारीख लावा. ते थंड जागी फळीवर ठेवा, टिनाच्या पत्र्याखाली नको, नाहीतर खडे वितळून एकच ढेकूळ होईल आणि परत करायची वेळ आली तर व्यापारी वजनावरून भांडेल. निकालात नुसती सालई निघाली तर देवघरात जाळायला उत्तम आहे. मिश्र निघाली तर बिलासकट परत. पुढच्या वेळी माल घेताना बिलावर नुसतं 'गुग्गुळ' नको, सोबत बॅच नंबर आणि शक्य असेल तर तपासणीचा कागद मागून घ्या.